एकतीस गाठोडी आणि एक जुना दोर

फार पूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा जनावरं माणसांशी बोलत असत, आणि माणसं आजच्याइतकंच कमी ऐकत असत.

एका डोंगराच्या पायथ्याशी एकतीस घरांचं गाव होतं. गावाला पाणी मिळे ते डोंगरावरच्या एका झऱ्याचं. झरा जवळ नव्हता. दीड दिवस रान चढून गेलं की एक पठार लागे, आणि पठाराच्या टोकाला झऱ्याचं तोंड होतं. पावसाळ्यात त्या तोंडात माती, दगड आणि पालापाचोळा जाऊन बसे. म्हणून पाऊस ओसरला की दरवर्षी दोन माणसं आणि एक तट्टू वर जात, सहा दिवस उघड्या रानात राहत आणि झऱ्याचं तोंड मोकळं करून येत. हे काम झालं नाही तर उन्हाळ्याच्या आधीच गावाचं टाकं कोरडं पडे.

दोन माणसांपैकी एक ठरलेली असे, ती म्हणजे वाटाडी. पन्नाशी उलटलेली ही बाई तीस वर्षं रान चढत होती. कुठे झोपायचं, कुठे झोपायचं नाही, ढग कुठल्या बाजूने आले की सामान आवरायचं, हे तिला पाठ होतं. तिचं घर वेशीच्या बाहेर होतं, म्हणून ते गावाच्या एकतीस घरांत मोजत नसत. दुसरा माणूस दरवर्षी वेगळ्या घरातून पाळीने जाई.

आता या गावाची एक रीत होती. ती सांगताना मलाही कपाळावर हात मारावासा वाटतो, पण ती सांगितल्याशिवाय गोष्ट पुढे जाणार नाही.

रानात जाणाऱ्यांची गाव पाठवणी करी, जशी सासरी निघालेल्या लेकीची करतात तशी. प्रत्येक घर एक वस्तू देई. वस्तू फडक्यात गुंडाळून तिला लाल दोरा बांधलेला असे. त्या गाठोड्याला नाही म्हणायचं नाही. ते वेशीच्या आत उघडायचं नाही, अपशकुन होतो. आणि ते न वापरता परत आणायचं नाही, वाटेत टाकायचं तर मुळीच नाही, देणाऱ्या घराचा अपमान होतो.

म्हणजे बघा. काय दिलं आहे ते बघायचं नाही, आणि जे दिलं आहे ते सोडायचं नाही.

त्या वर्षी पाळी पाटलांच्या घराची होती. पाटलांना मुलगा नव्हता. त्यांनी घरजावई आणला होता, खालच्या मुलखातला, शांत आणि मेहनती. दोन वर्षं झाली तरी गाव त्याला 'जावईबापू' म्हणे. म्हणजे मानाने वागवी, पण आपल्यातला धरत नसे. जावयाच्या मनात एकच होतं. झरा मोकळा करून यायचं, म्हणजे गाव आपल्याला आपला म्हणेल.

निघायच्या सकाळी वाटाडी वेशीवर आली. तिच्या हातात तिचं स्वतःचं बोचकं होतं. त्यात दोन माणसं निजतील एवढं मेणकापड होतं, दोन घोंगड्या होत्या, आणि तीस हात लांब, हाताळून हाताळून काळा पडलेला दोर होता. कमरेला कोयता होता आणि चकमक-कापसाचं बांबूचं नळकांडं होतं. तिला एवढंच लागे.

वेशीवर तट्टू उभं होतं. त्याच्या पाठीवर एकतीस गाठोडी होती.

"पाटील," वाटाडी म्हणाली, "एवढं हे नेणार नाही."

"नेईल की," पाटील म्हणाले. "दरवर्षी नेतं."

"दरवर्षी नेतं म्हणून तर त्याची पाठ अशी झाली आहे."

"बाई, लोकांनी मायेने दिलंय."

"मग माया तुमच्या डोक्यावर घ्या आणि चला आमच्याबरोबर. तट्टाच्या पाठीवर कशाला?"

लोक हसले. ती दरवर्षी असंच काहीतरी बोले आणि लोक दरवर्षी असेच हसत. मग आपल्या गाठोड्यावरचा लाल दोरा नीट आहे ना, ते बघत.

"मला कुणी विचारलं का?" तट्टू म्हणालं.

"नाही," वाटाडी म्हणाली.

"बरं. खात्री करून घेतली."

वाटाडीचं बोचकंही त्या ओझ्यावर चढलं. तट्टाने एक पाऊल टाकलं आणि त्याचे मागचे पाय लटपटले. दुसरं पाऊल टाकलं तेव्हा ओझं एका बाजूला कललं. आता काहीतरी उतरवणं भाग होतं. वाटाडीने हात पुढे केला, तशी कुंभारीण आपल्या गाठोड्यावर हात ठेवून उभी राहिली. दोरवळ्याने आपल्या गाठोड्यावर हात ठेवला. मग सगळ्यांनीच ठेवले. तट्टाच्या अंगावर एवढे हात पडले की त्याला माशा उडवायला शेपूट हलवता येईना.

"असं करा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "बाईंचं स्वतःचं बोचकं काढा. ते कुणी दिलेलं नाही. कुणाला वाईट वाटायचं नाही."

"खरंच की," पाटील म्हणाले.

वाटाडीने जावयाकडे बघितलं. तो हात जोडून उभा होता. "मावशी," तो हळूच म्हणाला, "माझ्या पहिल्याच खेपेला कुणाचं मन नको मोडायला."

ती काय बोलणार होती, ते तिच्या ओठांवर आलं होतं. पण तीस वर्षं बोलून ती थकली होती. वेशीबाहेर आल्यावर तिने मेणकापड, घोंगड्या आणि दोर आपल्याच घराच्या ओट्यावर ठेवले. जी वस्तू तिने पारखलेली होती, तीच तेवढी मागे राहिली.

वेशीवर जावयासाठी आणखी एक मान होता. पाटलांनी त्याच्यासाठी नव्याकोऱ्या वहाणा करून घेतल्या होत्या. त्याही वेशीच्या आत घालायच्या नव्हत्या. त्याने जुन्या वहाणा वेशीवर काढून ठेवल्या, नव्या पायात घातल्या आणि सासऱ्यांच्या पाया पडला.

"कशा आहेत?" पाटलांनी विचारलं.

"छान आहेत, मामंजी," जावई म्हणाला. टाच त्याच क्षणी चावली होती.

दुपारपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले. संध्याकाळपर्यंत ते फुटले. वाटाडी दोनदा म्हणाली, "लंगडतोयस का रे?" आणि दोन्ही वेळा तो म्हणाला, "नाही मावशी, चढ आहे ना."

"चढ मलाही आहे," तट्टू म्हणालं. "मी नाही असं चालत."

"तुझ्या पायात नवं काही नाही," वाटाडी म्हणाली. मग तिने जावयाला एका दगडावर बसवलं, वहाणा काढायला लावल्या आणि टाचा बघितल्या. पानांचा लेप लावून, चिंधी बांधून झाल्यावर एवढंच म्हणाली, "हे सकाळी सांगितलं असतंस तर तुझ्या जुन्या वहाणा वेशीवरून आणता आल्या असत्या."

"मामंजींना काय वाटलं असतं?"

"मामंजी चढतायत का?"

जावयाने मनातून ठरवलं, यापुढे काही दुखलं तरी सांगायचं नाही. माणूस चुकतो तेव्हा बहुतेक असाच चुकतो. जे टाळायचं तेच तो आणखी घट्ट धरतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पठारावर पोचले. मुक्कामाची जागा वाटाडीची ठरलेली होती. ओढ्याच्या काठावर, दोन पुरुष उंचीवर, खडकात एक कपार होती. तिच्या तोंडाशी मेणकापड ताणून बांधलं की आत वारा नाही, पाऊस नाही. पण मेणकापड घरी ओट्यावर होतं.

म्हणून त्यांनी गाठोडी सोडली. आता वेस ओलांडलेली होती, बघायला हरकत नव्हती.

सात समया निघाल्या. तेल एकाही घराने दिलं नव्हतं, कारण प्रत्येक घराला वाटलं होतं की तेल कुणीतरी देईलच. नऊ बरण्या लोणचं निघालं. पाच उशा निघाल्या, पण अंगावर घ्यायला एक वाकळसुद्धा नाही. दोन पाट, एक आरसा, ताक घुसळायची रवी, देवघरातली घंटा, विड्याचं तबक. तांदूळ तेवढे भरपूर होते. दोरवळ्याच्या गाठोड्यात लाल-हिरव्या रंगाचा सुंदर दोर होता, वेटोळं करून घट्ट बांधलेला.

"हा बरा दिसतोय," जावई म्हणाला.

"दिसतोय," वाटाडी म्हणाली.

सगळ्यांत मोठं गाठोडं पाटलांचं होतं. त्यात त्यांच्या पणजोबांच्या काळची लाल राहुटी होती. आठ खांब, झालरी आणि वर बसवायला पितळी कळस. निघताना जावयाच्या सासूने त्याला बजावलं होतं, "कळस सांभाळा हो. पिढ्यांचा आहे."

राहुटी कपारीत मावणार नव्हती. झाडांत मावणार नव्हती. पठारावर सगळीकडे खडक होते. एवढी मोठी सपाट जागा एकच होती, ओढ्याच्या पात्रात. पाऊस ओसरून ओढा एका बाजूने बारीक वाहत होता आणि बाकी पात्र कोरडं, मऊ वाळूचं होतं.

"नाही," वाटाडी म्हणाली.

"पण मावशी, वाळू कोरडी आहे."

"वाळू तिथे कुणी आणून टाकली?"

जावयाने पायाने वाळू उकरून बघितली.

"पाण्याने," ती म्हणाली. "पाण्याने आणली, म्हणजे पाणी तिथे येतं. बघ, त्या झुडपाला माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर वाळकं गवत अडकलंय. ते काय पाखरांनी नेऊन लावलं? कपारीत निजू. थोडं भिजू, पण निजू."

"आणि राहुटी? न वापरता परत नेली तर मामंजी काय म्हणतील? मावशी, मी त्यांच्या घरात राहतो."

त्याने हे इतक्या खालच्या आवाजात म्हटलं की वाटाडीचा राग पुढेच जाईना. तिने आकाशाकडे बघितलं. आकाश स्वच्छ होतं. "फक्त आभाळ निवळ आहे तोवर," ती म्हणाली. तीस वर्षांत न केलेली गोष्ट तिने एका जावयाच्या भिडेपोटी केली.

तट्टू मात्र पात्रात उतरलं नाही. ते कपारीपाशी उभं राहिलं.

"ये की खाली," जावई म्हणाला. "इथे मऊ आहे."

"कडक ठीक आहे," तट्टू म्हणालं. "मला कुणाला खूश करायचं नाही."

पुढचे दोन दिवस त्यांनी झऱ्याच्या तोंडातले दगड काढले. अर्धं काम झालं. चौथ्या दिवशी दुपारी जावई पाय सुजले म्हणून राहुटीत पडला होता आणि वाटाडी भात शिजवत होती. एवढ्यात तट्टाने कान उभे केले.

"वर पडतोय," ते म्हणालं.

वाटाडीने डोंगराच्या माथ्याकडे बघितलं. माथा दिसत नव्हता. तिथे काळं काहीतरी बसलं होतं. मग तिने ओढ्याकडे बघितलं. सकाळी नितळ असलेलं पाणी आता मातीच्या रंगाचं झालं होतं आणि त्यातून वाळकी पानं वाहत येत होती.

तिने भात तसाच टाकला आणि हाक मारली. "ऊठ. वर ये. आत्ता."

जावई बाहेर आला, डोळे चोळत. "मावशी, लख्ख ऊन आहे."

"इथे ऊन आहे. डोंगरावर नाही. ओढा डोंगरावरून येतो. वर ये."

"सामान आवरतो."

"सामान राहू दे."

"एकतीस घरांचं आहे, मावशी."

आणि इथे, ऐकणाऱ्यांनो, तिने त्याचा दंड धरून त्याला वर ओढायला हवं होतं. पण तीही त्याच गावची होती. पाणी अजून बारीक होतं. तिला वाटलं, पटकन होईल. दोघं गाठोडी आणू लागले. ती वर नेऊन तट्टाच्या पाठीवर ठेवी आणि बांधी, जावई खालून देई. समया आल्या. बरण्या आल्या. पाट आले. आरसा फुटू नये म्हणून जावयाने तो उशांमध्ये ठेवला, त्यात वेळ गेला. राहुटीचे खांब उपटण्यात आणखी वेळ गेला.

"तुम्ही लोणच्याच्या बरण्या मोजताय का?" तट्टू म्हणालं. "माझे पाय थरथरतायत, आणि ते ओझ्याने नाही. जमीन थरथरतेय."

वाटाडीने हातातलं टाकलं. "बस झालं. वर ये, पोरा."

जावई काठावर चढला. अर्धा चढला, थांबला, आणि मागे बघितलं. राहुटीचं कापड वाळूत पडलं होतं, आणि त्याच्या टोकाला कळस उन्हात चमकत होता.

तो परत उतरला. फुटलेल्या टाचांवर लंगडत धावला, वाकला आणि कळस उपसू लागला.

पाणी आलं ते भिंतीसारखं नाही, जिभेसारखं आलं. आधी घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं. मग मागून मोठा लोट आला आणि राहुटी लाल पाखरासारखी फुगून वाहून गेली. जावई पात्राच्या मधोमध असलेल्या एका खडकावर चढला. कळस त्याने छातीशी धरला होता.

काठ त्याच्यापासून दहा हातांवर होता. दहा हात म्हणजे एखाद्या अंगणाची रुंदी. पण पाणी कमरेच्या वर गेलं होतं आणि त्यातून ओंडके येत होते.

वाटाडीने लाल-हिरवा दोर सोडला आणि फेकला. जावयाने तो एका हाताने पकडला आणि कमरेला गुंडाळला. तिने ताण दिला. दोर मधोमध तुटला, कुणी धागा तोडावा तसा.

तिने हातातलं टोक बघितलं. दोर कुरतडलेला होता. दोरवळ्याने तो चार वर्षं माळ्यावर जपून ठेवला होता, पाठवणीसाठी म्हणून, आणि मधल्या वेटोळ्यात उंदरांनी घर केलं होतं. त्याला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. गाठोडं उघडून बघायचं नसतं ना.

वाटाडीला ओट्यावरचा आपला काळा दोर आठवला.

"ए बाई," तट्टू म्हणालं. "माझ्यावरचा सोड."

"काय?"

"ओझ्याचा दोर. आठ वर्षं माझ्या पोटाखालून जातोय. पावसात भिजलाय, उन्हात वाळलाय, मी त्याला दगडावर घासून तोडायचा प्रयत्नसुद्धा करून बघितलाय. तो तुटत नाही."

"ओझं पडेल."

"ओझं पडावं म्हणून मी अठरा वर्षं वाट बघतोय."

वाटाडी ओझं नेहमी अशा गाठीने बांधे की एक टोक ओढलं की सगळं सुटावं. तिने टोक ओढलं. एकतीस घरांची माया काठावरून गडगडत खाली गेली. बरण्या फुटल्या. समया बुडाल्या. पाच उशा एकीमागे एक अशा तरंगत निघून गेल्या. घंटा दोनदा वाजली आणि थांबली.

तिने दोराचं एक टोक तट्टाच्या छातीपट्ट्याला बांधलं आणि दुसरं फेकलं. जावयाने ते एका हाताने पकडलं.

"दोन्ही हातांनी धर," ती ओरडली.

"मावशी, कळस कुठे ठेवू?"

"पाण्यात."

"मामंजींचा आहे."

"मग मामंजींना हाक मार. येऊन धरतील."

पाणी खडकाच्या वर आलं. जावयाने कळसाकडे बघितलं. एक घटकाभर, म्हणजे त्याला तरी ती घटकाभर वाटली, तो तसाच उभा राहिला. मग त्याने हात उघडला. कळस बुडताना काही आवाज झाला नाही. त्याने दोर कमरेला बांधला, दोन्ही हातांनी धरला आणि पाण्यात उतरला.

तट्टाने ओढलं. ओल्या खडकावर त्याचे खूर घसरले, ते पुढच्या गुडघ्यांवर कोसळलं, उजवा गुडघा फाटला, तरी ते ओढत राहिलं. दोर ताणून तारेसारखा झाला. तो तुटला नाही. जावई काठावर आला तेव्हा त्याच्या पायात वहाणा नव्हत्या, तळपाय कापले होते आणि तो रडत होता.

कपारीत त्यांनी शेकोटी केली, कारण चकमकीचं नळकांडं वाटाडीच्या कमरेला होतं. पण पांघरायला काही नव्हतं आणि तोंडाशी ताणायला मेणकापड नव्हतं. संध्याकाळी पाऊस पठारावरही उतरला आणि सकाळी जावयाला ताप भरला. वाटाडीने त्याला तट्टावर बसवलं.

"गुडघा?" तिने तट्टाला विचारलं.

"दुखतोय," तट्टू म्हणालं. "पण एकतीस गाठोड्यांपेक्षा एक जावई हलका आहे."

उतरायला दोन दिवस लागले. वेशीवर सगळं गाव उभं होतं, कारण उतरणीवरच्या मुक्कामाचा धूर दिसला की परत येणाऱ्यांना सामोरं जायची रीत होती. वाटाडीला वाटलं, आता कुणीतरी धावत येईल आणि पोराला उतरवून घेईल.

"आमचं लोणचं कसं लागलं?" कुंभारीण म्हणाली.

"दोर उपयोगी पडला का?" दोरवळ्याने विचारलं.

पाटील तट्टाच्या मागे, पुढे बघत होते. "राहुटी?" ते म्हणाले.

वाटाडीने तट्टाच्या मानेवर हात ठेवला.

"सगळे जिवंत आहेत," तट्टू म्हणालं. "विचारलं नाहीत, म्हणून सांगतो."

जावई तट्टावरून उतरला. वाटाडीने आधार दिला तो त्याने बाजूला केला. जमिनीवर बसून त्याने पायांच्या चिंध्या सोडल्या. पुढच्या रांगेतल्या बायकांनी तोंडावर पदर घेतला.

"मामंजी," तो म्हणाला, "वहाणा वेशीवरच चावल्या होत्या. मी छान आहेत म्हणालो. मावशी पात्रात निजू नको म्हणाली, तरी मी तुमची राहुटी तिथे लावली. तिने ये म्हटलं आणि मी कळसासाठी मागे गेलो. मला वाटलं, तुमची वस्तू सोडली तर तुम्ही मला आपला म्हणणार नाही." त्याने रिकामे हात पुढे केले. "कळस मी सोडला. सगळ्यांचं सगळंच गेलं. आता मला काय म्हणायचं ते म्हणा."

पाटलांनी त्याचे पाय बघितले. मग त्यांनी आपला पंचा काढला, खाली बसले आणि स्वतः त्याचे पाय बांधायला लागले. गावाने पाटलांना असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

"झरा?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"अर्धाच झालाय," वाटाडी म्हणाली. "पुन्हा जावं लागेल. आठवड्याच्या आत."

"अरे देवा," कुंभारीण म्हणाली. "मग या वेळी मी दोन बरण्या देते."

वाटाडी तिथेच रस्त्यात बसली. ती हसतेय की रडतेय ते कुणाला कळलं नाही. उठली तेव्हा तिचा आवाज मात्र शांत होता.

"द्या," ती म्हणाली. "ज्याला जे द्यायचं ते द्या. मी नाही म्हणणार नाही. फक्त एक करा. जी वस्तू द्याल ती घेऊन आधी एक रात्र वेशीबाहेरच्या माळावर काढा. दुसरं काही जवळ ठेवू नका. सकाळी ती वस्तू आणि तुम्ही दोन्ही धड असाल, तर ती मी डोक्यावर घेऊन चढेन."

लोक घरी गेले. त्या संध्याकाळी गावात पहिल्यांदाच लोकांनी पुन्हा द्यायला काढलेली गाठोडी आपल्याच घरात उघडून बघितली. कुंभारणीने बरणीकडे बघितलं, माळाकडे बघितलं आणि बरणी फडताळात परत ठेवली. दोरवळा माळ्यावर चढला, राहिलेले दोर उलगडून बघितले आणि अंगणात जाळून टाकले.

माळावर गेले ते एकटे पाटील. त्यांच्याकडे आणखी एक राहुटी होती, निळी. आठ खांब ते एकटे उभे करू शकले नाहीत. पहाटे पाऊस आला. सकाळी ते गावात परतले ते चिंब भिजून, आणि पायाला चावलेल्या स्वतःच्या नव्या वहाणा हातात घेऊन, अनवाणी. ते घरी गेले नाहीत. सरळ वाटाडीच्या ओट्यावर गेले आणि तिथे पडून असलेलं बोचकं त्यांनी उचललं.

"हे उतरवलं तेव्हा मी 'खरंच की' म्हणालो होतो," ते म्हणाले.

"हो," वाटाडी म्हणाली. "मीही उतरवू दिलं होतं."

त्यांनी बोचक्यातला काळा दोर काढला, अंगणातल्या कडुलिंबाला बांधला आणि सगळ्या गावासमोर त्याला लोंबकळून बघितलं. मग मेणकापड उघडून त्याची चारही टोकं तपासली. आणि पाळी आपल्याच घराची होती म्हणून, जावयाच्या जुन्या वहाणा पायात घालून, ते स्वतः वाटाडीबरोबर रानात गेले. वहाणा जरा सैल होत्या, पण चावल्या नाहीत. सहाव्या दिवशी झरा मोकळा करून दोघं परत आले.

तट्टाचा गुडघा पुढे कधी नीट झाला नाही. त्याने त्यानंतर ओझं वाहिलं नाही. जावई त्याला रोज चारा घाली, आणि गाव जावयाला नुसतं नावाने हाक मारू लागलं.

पाठवणी त्या गावात पुढेही होत राहिली. रानात जाणारा निघाला की एकतीस घरं वेशीवर येत, पण रिकाम्या हातांनी. प्रत्येक जण पुढे होऊन विचारी, "यातलं काय उतरवू?" आणि कोपऱ्यात उभं असलेलं म्हातारं तट्टू ओझं हुंगून बघे आणि म्हणे, "अजून जड आहे."

रानात जाताना प्रेमाने दिलेलं नव्हे, वापरून पारखलेलं सोबत न्यावं, आणि पाणी चढू लागलं की वस्तूचा मान सोडून आधी जीव उचलावा.